आपल्या देवघरातली लक्ष्मी मळवलीला छापली जायची

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

मागच्या महिन्यात तळेगावातलं आत्याचं जुनं घर रिकामं करत होतो. वाडा पाडून तिथे इमारत होणार आहे. भांडी, गाद्या, ट्रंका निघाल्या आणि सगळ्यात शेवटी देवघरावरची तसबीर. कमळावर उभी असलेली लक्ष्मी, चार हात, मागे सोंडेत माळ धरलेला हत्ती. काच तडकलेली, एक कोपरा वाळवीने खाल्लेला, रंग बऱ्यापैकी उतरलेले. आत्याचं लग्न होऊन ती या घरात आली तेव्हाही ती तिथेच होती म्हणे.

फ्रेमवाल्याकडे घेऊन गेलो. त्याने उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाला, "काका, यात आता काही राहिलं नाही. पिंपळाखाली ठेवून द्या. नवीन देतो की, लॅमिनेशनवाली."

आपल्याकडे असंच करतात. देवाचं चित्र कचऱ्यात टाकवत नाही, म्हणून झाडाखाली ठेवायचं. पुढे पाऊस बघून घेतो. मीही ठेवलीच असती. पण त्याने चौकट उसकटली आणि आतापर्यंत लाकडी पट्टीखाली झाकलेला कागदाचा तळ मोकळा झाला. तिथे बारीक इंग्रजी अक्षरात छापलेलं होतं: रवि वर्मा प्रेस, कारला, लोणावळा.

मी गेली बावीस वर्षं पुणे-लोणावळा लोकलने येजा करतो. कामशेत, मळवली, लोणावळा. मळवलीला भाजे लेण्यांना आणि लोहगड-विसापूरला जाणारी पोरं पाठीवर सॅक लावून उतरतात, कारल्याच्या एकवीरेला जाणारी मंडळी उतरतात, गाडी हलते. या स्टेशनाजवळ एके काळी अर्ध्या हिंदुस्थानाच्या देवघरातले देव छापले जात होते, हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण आपल्याच आत्याच्या भिंतीवर त्याचा पुरावा इतकी वर्षं टांगलेला होता, हे मात्र लक्षात आलं नव्हतं. त्या दिवसापासून रविवर्मा डोक्यातून जाईनात. म्हणून हे लिहितोय.

आधी एक गैरसमज बाजूला करू. राजा रविवर्मा हे राजे नव्हते. त्यांच्याकडे गादी नव्हती की मुलूख नव्हता. २९ एप्रिल १८४८ रोजी त्रावणकोर संस्थानातल्या किळिमानूर इथे त्यांचा जन्म झाला. या घराण्याचा त्रावणकोरच्या राजघराण्याशी सोयरसंबंध होता. तिकडे वारसा मातृकुळातून चालायचा, मामाची गादी भाच्याकडे जायची. त्यामुळे राजकन्यांचे नवरे किळिमानूरसारख्या घराण्यांतून येत, पण त्यांना राजे म्हणत नसत. १९०४ मध्ये इंग्रज सरकारने कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिलं तेव्हा कागदावर नावाआधी 'राजा' लागलं आणि ते कायमचं चिकटलं.

दुसरा गैरसमज जास्त मोठा आहे. आपल्याला वाटतं, रविवर्मा म्हणजे देवांची चित्रं काढणारा माणूस. रणजित देसाईंची कादंबरी वाचलेल्यांना आणि त्यावरचा सिनेमा बघितलेल्यांना वाटतं, मॉडेल, प्रेम आणि कोर्टकचेरी. कादंबरी सुंदर आहे, पण ती कादंबरी म्हणूनच वाचावी. खरे रविवर्मा मुळात आणि पोटापाण्यानेही पोर्ट्रेट करणारे चित्रकार होते. समोर माणूस बसवायचा, त्याचा चेहरा, त्याचं वस्त्र, त्याचे दागिने, त्याचा हुद्दा हुबेहूब उतरवायचा आणि ठरलेली बिदागी घ्यायची, हा त्यांचा धंदा. देव नंतर आले. आणि आले तेव्हा तेही पोर्ट्रेटसारखेच समोर येऊन बसले. मला जे सांगायचंय ते एवढंच, पण त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

लहानपणी किळिमानूरच्या घराच्या भिंती कोळशाने रंगवणाऱ्या या पोराला पहिले धडे मामाने दिले. मामा स्वतः चित्रं काढायचे. चौदाव्या वर्षी मामा त्याला तिरुवनंतपुरमला महाराजा आयिल्यम तिरुनाळ यांच्या दरबारी घेऊन गेले. महाराज रसिक होते, मुलाला ठेवून घेतलं. पण तैलरंग शिकवणार कोण? त्या काळी आपल्याकडे तैलरंग ही नवलाईची गोष्ट. दरबारी चित्रकार रामस्वामी नायकर यांना ते येत होतं, पण त्यांना या मुलात उद्याचा प्रतिस्पर्धी दिसला. त्यांनी काहीच सांगितलं नाही. त्यांचा एक शिष्य, आरुमुगम पिल्लै, रात्री गुपचूप येऊन थोडंफार दाखवून जायचा, असं चरित्रकार सांगतात. १८६८ मध्ये थिओडोर जेन्सन नावाचा युरोपीय पोर्ट्रेट चित्रकार महाराजांचं चित्र काढायला आला. त्यानेही शिकवायला नकारच दिला. महाराजांच्या शब्दाखातर फक्त उभं राहून बघायची परवानगी मिळाली.

म्हणजे बघा, एकाने दार लावून घेतलं आणि दुसऱ्याने दारात उभं राहू दिलं. एवढ्या शिदोरीवर हा माणूस तैलरंग शिकला. कुठलं आर्ट स्कूल नाही, कुणाचं सर्टिफिकेट नाही. रंग कसा कालवायचा, तेल किती घालायचं, एक थर सुकायच्या आत दुसरा द्यायचा की नंतर, हे सगळं चुकत चुकत. आपल्या गावातला एखादा मेस्त्री बाहेरून आलेलं यंत्र खोलून शिकतो, तसं.

१८७० मध्ये पहिलं बिदागीचं काम मिळालं. कालिकतच्या एका सबजज्जाच्या कुटुंबाचं चित्र. १८७३ ला मद्रासच्या प्रदर्शनात केसांत गजरा माळणाऱ्या नायर स्त्रीच्या चित्राला सुवर्णपदक मिळालं, तेच चित्र व्हिएन्नाच्या जागतिक प्रदर्शनातही गाजलं. हे चित्र छापलेलं तरी जरूर बघा. त्यात देव नाही, पुराण नाही. एक बाई आरशासमोर आवरतेय, बस्स. पण तिच्या अंगावरचा उजेड एका बाजूने येतो आणि त्या उजेडात सोनं सोन्यासारखं आणि कापड कापडासारखं दिसतं. आपल्या लघुचित्रांत आणि भिंतीचित्रांत सौंदर्य होतं, पण उजेड-सावलीचा हा खेळ नव्हता. लोकांना तो जादूसारखा वाटला तर नवल नाही.

मग संस्थानिकांच्या रांगा लागल्या. त्रावणकोर, म्हैसूर, बडोदा, उदयपूर. मद्रासचे गव्हर्नर. किळिमानूरसारख्या आडगावात पोस्ट ऑफिस उघडावं लागलं ते चित्रांच्या मागण्यांच्या पत्रांमुळे, असं तिकडे अभिमानाने सांगतात. संस्थानिकांना पोर्ट्रेट का हवं होतं, हेही समजून घ्यायला हवं. सत्ता इंग्रजांच्या हातात गेलेली. तलवार म्यानात. उरलं काय, तर दरबार, पोशाख आणि प्रतिमा. महालात इंग्रज पाहुणा आला की त्याच्या देशातल्या सरदारांसारखं आपलंही भव्य तैलचित्र भिंतीवर असावं, ही गरज होती. रविवर्मांनी ती ओळखली. धाकटे भाऊ सी. राजराजवर्मा कायम सोबत असत. तेही चित्रकार. पार्श्वभूमी, निसर्ग, शिवाय पत्रव्यवहार, प्रवास, हिशेब, सगळं बघायचे. त्यांनी इंग्रजीत ठेवलेली रोजनिशी आज छापलेली उपलब्ध आहे आणि रविवर्मांबद्दलची सगळ्यात भरवशाची माहिती तिथेच मिळते. मुंबईत हे दोघे भाऊ नाटकं बघायला जायचे. चित्रांतल्या त्या नाट्यपूर्ण उभ्या राहण्याच्या तऱ्हा कुठून आल्या, याचा थोडा पत्ता तिथे लागतो.

बडोद्याचा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण इथे आपण मराठी लोक गोष्टीत शिरतो. त्रावणकोरचे जुने दिवाण सर टी. माधवराव पुढे बडोद्याचे दिवाण झाले. तंजावरकडचे मराठी ब्राह्मण. त्यांच्याच ओळखीने रविवर्मा सयाजीराव महाराजांकडे आले. सयाजीरावांच्या पहिल्या पत्नी चिमणाबाई, याही मूळच्या तंजावरच्या, मोहित्यांच्या लेक. रविवर्मांनी काढलेलं त्यांचं पोर्ट्रेट प्रसिद्ध आहे. हा केरळचा चित्रकार, समोर तंजावरची मराठी राणी, गुजरातेतल्या राजवाड्यात, आणि अंगावर आपलं लुगडं. नीट बघितलं तर लक्षात येतं की चेहऱ्याइतकाच जीव त्यांनी वस्त्राच्या चुण्यांत ओतलाय.

पुढे १८८८ मध्ये सयाजीरावांनी लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची चौदा चित्रं सांगितली. आणि इथे पोर्ट्रेट चित्रकाराची खरी पंचाईत झाली. समोर बसलेल्या राणीचा पोशाख दिसतो, तसा काढायचा. पण सुभद्रेचा पोशाख कुठला? दमयंती साडी कशी नेसायची? दोघे भाऊ उत्तर हिंदुस्थानात फिरून आले. सगळ्या देशाला आपला वाटेल असा एक वेष कुठे सापडतो का, ते बघायला. सापडला नाही, कारण तसा नव्हताच. मग त्यांनी आपल्या मनाने ठरवलं. त्यांच्या कितीतरी नायिका दक्षिणी किंवा मराठी पद्धतीच्या साड्या नेसून आल्या. आज आपण देवी म्हटलं की साडी, दागिने आणि मोकळे केस असं डोळ्यांपुढे आणतो, पण हे काही वेदकाळापासून चालत आलेलं नाही. एका माणसाने, माणसांची चित्रं काढता काढता, काही वर्षांत घडवलेलं आहे.

ही चौदा चित्रं लोकांना बघायला खुली केली तेव्हा झुंबड उडाली. विश्वामित्र-मेनका, शंतनू-मत्स्यगंधा, अर्जुन-सुभद्रा, हरिश्चंद्र. कीर्तनात ऐकलेल्या गोष्टी पहिल्यांदाच हाडामांसाच्या माणसांसारख्या समोर दिसत होत्या. त्यांचे फोटो हातोहात विकले गेले. आता प्रश्न असा की ज्यांना फोटो परवडत नाही आणि राजवाड्यात कुणी सोडत नाही, त्यांचं काय?

याचं उत्तर माधवरावांनी आधीच सुचवून ठेवलं होतं. १८८४ मध्ये त्यांनी रविवर्मांना कळवलं होतं की तुमच्या चित्रांना एवढी मागणी आहे आणि तुमचे हात दोनच, तेव्हा निवडक चित्रं युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत छापील प्रती काढून घ्या, नाव होईल आणि देशाची सेवाही होईल. रविवर्मांनी एक पाऊल पुढे टाकलं. चित्रं युरोपात पाठवण्याऐवजी छापखानाच इथे आणला. १८९४ मध्ये गिरगावात प्रेस सुरू झाला. यंत्रं जर्मनीची, कारागीरही जर्मन, भागीदार मुंबईचा व्यापारी. पहिलं छापलेलं चित्र शकुंतलेच्या जन्माचं.

हे छापणं म्हणजे काय प्रकरण होतं ते सांगतो, कारण आज आपण बटण दाबतो आणि रंगीत प्रिंट बाहेर येते. तेव्हा बव्हेरियातून खास चुनखडीचे गुळगुळीत दगड यायचे. कारागीर त्या दगडावर तेलकट शाईने, टिंब टिंब करत, हाताने चित्र उतरवायचा, तेही उलटं. दगड ओला केला की पाणी कोऱ्या भागावर थांबतं आणि छपाईची शाई तेलकट भागालाच धरते. एका रंगाला एक दगड. चित्रात जितके रंग, तितके दगड आणि कागद तितक्या वेळा यंत्रातून जाणार. एकदा जरी कागद केसभर सरकला तर लक्ष्मीला दोन नाकं. शेवटी वर वॉर्निश, म्हणजे तैलचित्राची चमक येते. काही ठिकाणी कागदावर कॅनव्हाससारखी खरबरीत पोतसुद्धा उठवायचे. याला ओलिओग्राफ म्हणतात. घरी नेल्यावर हौशी बायका त्यावर जर आणि टिकल्या शिवायच्या. आत्याच्या लक्ष्मीच्या काठावरही सुईची भोकं आहेत, टिकल्या कधीच गळून गेल्या.

मुंबईत १८९६ ला प्लेग आला. माणसं गाव सोडून पळाली, धंदे बसले. प्रेस हलवावा लागला आणि १८९९ च्या सुमारास तो आपल्या मावळात, मळवलीला येऊन पोहोचला. मुंबई-पुणे रेल्वे दारात, इंद्रायणी जवळ, हवा निरोगी. दगड, कागद, यंत्रं, सगळा संसार घाट चढून वर आला.

धंदा म्हणून मात्र हा प्रकार रविवर्मांना झेपला नाही. भागीदारीत कुरबुरी, डोक्यावर कर्ज, आणि छापखाना चालवणं हे वेगळंच कसब. चित्रकार माणूस महिनोन्महिने प्रवासात, कुठल्या तरी राजवाड्यात कुणाचं तरी पोर्ट्रेट करत असायचा. तिथून मिळालेला पैसा इथे प्रेसमध्ये मुरायचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच त्यांनी तो फ्रिट्झ श्लायशर या आपल्याच जर्मन तंत्रज्ञाला विकून टाकला, आपल्या चित्रांच्या छपाईच्या हक्कांसकट. म्हणजे ज्या चित्रांनी त्यांचं नाव घरोघर नेलं, त्यांची खरी विक्री सुरू झाली तेव्हा त्यातला पैसाही त्यांचा नव्हता. श्लायशरने धंदा नीट चालवला. रविवर्मांची चित्रं छापली, इतर चित्रकारांचीही छापली, साबणाच्या आणि काडेपेटीच्या जाहिरातींची कामं घेतली. त्यामुळे एक सूचना, रवि वर्मा प्रेस असं खाली लिहिलं म्हणजे चित्र रविवर्मांचंच असं नाही. बाजारात या नावावर पुष्कळ फसवाफसवी चालते.

याच प्रेसची कामं करायला धुंडिराज गोविंद फाळके नावाचे एक गृहस्थ लोणावळ्यात आले. त्यांनी तिथे स्वतःचा छोटा छापखाना काढला आणि रवि वर्मा प्रेससाठी फोटोवरून दगडावर चित्र उतरवून द्यायचं काम घेतलं. पुढे १९१३ ला त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला. पुराणातली माणसं पडद्यावर कशी दिसावीत, हे ठरवायची वेळ आली तेव्हा दादासाहेबांच्या डोळ्यांखालून काय काय गेलेलं होतं, याचा अंदाज तुम्हीच करा. मावळातल्या पाचसात मैलांच्या टापूत हे सगळं घडलंय आणि इथल्या शाळेत कुणी सांगत नाही.

आता टीकेबद्दल. रविवर्मा गेल्यावर वर्षभरातच बंगालकडून झोड उठली. आनंद कुमारस्वामी, भगिनी निवेदिता ही मंडळी म्हणाली, हे सगळं उसनं, नाटकी, युरोपची नक्कल, यात भारतीय आत्मा नाही. पालथी पडून पत्र लिहिणारी शकुंतला निवेदितांना अजिबात पसंत नव्हती. यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. जटायूचे पंख छाटणारा रावण बघताना मलाही पडदा पडायची घंटा ऐकू येते. पौराणिक चित्रांत ते बऱ्याचदा नाटकाच्या प्रवेशात अडकतात. पण पोर्ट्रेट बघा. १८९३ चं 'देअर कम्स पापा' बघा. त्यांची मोठी मुलगी महाप्रभा, कडेवर मूल, पायाशी कुत्रा, आणि आई बाळाला दाखवतेय की बाबा आले. यात अभिनय नाही. माणसाकडे बघण्याची सवय लागलेल्या डोळ्याने आपल्याच लेकीकडे बघितलंय.

आणि ती लक्ष्मी. गाभाऱ्यातली मूर्ती आठवा. काळा पाषाण, चांदीचे डोळे, तेल, फुलं, समईचा अंधुक उजेड. ती भव्य असते, पण ती तुमच्या घरातली नसते. रविवर्मांची लक्ष्मी तुमच्याकडे तोंड करून उभी आहे, पोर्ट्रेटसाठी उभी राहिल्यासारखी. तिच्या चेहऱ्यावर कुणाची तरी थोरली बहीण वाटावी असा भाव आहे. कलासमीक्षकांना यात उणीव दिसली, पण आत्याला त्यातच देव दिसला. ती रोज सकाळी त्या चित्राशी बोलायची, अगदी भांडायचीसुद्धा. दगडाच्या मूर्तीशी असं भांडताना मी तिला कधी बघितलं नाही.

इथेच ती गोष्ट येते जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. त्या काळी गाभाऱ्यापर्यंत जाणार कोण? चोखोबांची समाधी पंढरीच्या पायरीपाशीच आहे. नाशिकला काळारामाच्या दारात बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला तो २ मार्च १९३० ला, पाच वर्षं चालला आणि तरी दार उघडलं नाही. पंढरपूरसाठी साने गुरुजींना १९४७ मध्ये प्राण पणाला लावावे लागले. या सगळ्याच्या तीसचाळीस वर्षं आधी मळवलीच्या यंत्रातून राम, कृष्ण, लक्ष्मी, सरस्वती बाहेर पडून बाजारात गेले. कागदाला सोवळं-ओवळं नव्हतं. ज्याच्या खिशात पैसे, त्याच्या भिंतीवर देव. पुजाऱ्याला विचारायचं कारण नाही. यामुळे जात गेली असं मी म्हणत नाही, कागदाने जात जात नसते. शिवाय ही चित्रं काढली ती वरच्या थरातल्या माणसाने, देवींना दागिनेही राजघराण्यातल्या बायकांचे घातले. रविवर्मांनी हे समाजसुधारणा म्हणून केलं, असंही मला वाटत नाही. त्यांना चित्रं विकायची होती. पण देवळाच्या पायरीवर अडवलेल्या माणसाच्या घरात देव आपल्या पायांनी चालत गेला, एवढं तर झालं.

योगायोग बघा. १९०० मध्ये रविवर्मांच्या दोन नाती त्रावणकोरच्या राजघराण्यात दत्तक गेल्या. त्यांतल्या एकीचा, सेतु पार्वतीबाईंचा मुलगा चित्तिर तिरुनाळ पुढे महाराज झाला. १२ नोव्हेंबर १९३६ रोजी त्याने त्रावणकोरमधली देवळं सगळ्या हिंदूंना खुली करणारा जाहीरनामा काढला. चित्रकाराचा पणतू. त्यामागे केरळातल्या लोकांचा मोठा लढा होता, श्रेय त्यांचं. तरीही हे वाचलं तेव्हा मी लोकलमध्ये पुस्तक मिटून थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसलो होतो.

शेवटची वर्षं रविवर्मांना सुखाची गेली नाहीत. १९०५ च्या सुरुवातीला राजराजवर्मा गेले. आयुष्यभर सावलीसारखा राहिलेला भाऊ. मधुमेह होताच. २ ऑक्टोबर १९०६ ला किळिमानूरलाच त्यांचं निधन झालं, वय ५८. त्यांची चित्रं व्हिएन्नाला गेली, शिकागोला गेली, ते स्वतः कधी समुद्र ओलांडून गेले नाहीत.

मळवलीचा प्रेस त्यांच्यानंतरही अनेक वर्षं चालला. १९७२ मध्ये तिथे मोठी आग लागली आणि कारखाना जळाला. दगड, जुने छाप, कागद, बरंच काही गेलं.

त्यानंतर सात वर्षांनी, १९७९ मध्ये, भारत सरकारने रविवर्मांची चित्रं राष्ट्रीय कलासंपत्ती म्हणून जाहीर केली. ती देशाबाहेर नेता येत नाहीत. २०२३ मध्ये मुंबईतल्या लिलावात त्यांचं यशोदा-कृष्णाचं चित्र ३८ कोटींना गेलं. चांगलंच झालं. पण एका बाजूला ३८ कोटी आणि दुसऱ्या बाजूला आमचा फ्रेमवाला, "पिंपळाखाली ठेवून द्या". दोन्ही एकाच माणसाच्या हातचे देव.

तसबीर मी घरी आणलीय. जाणकारांना विचारलं तेव्हा कळलं की कागदाला पाणी लावायचं नाही, चिकटपट्टी मारायची नाही, जुना पुठ्ठा काढून आम्ल नसलेला पुठ्ठा मागे लावायचा आणि ऊन लागेल अशा भिंतीवर टांगायची नाही. वाळवीने खाल्लेला कोपरा तसाच ठेवणार आहे.

आता तुमच्याकडून दोन गोष्टी हव्या आहेत. घर रिकामं करताना जुनी तसबीर निघाली तर झाडाखाली ठेवायच्या आधी चौकट उघडून खालची ओळ वाचा आणि फोटो काढून मला पाठवा. आणि दुसरी जास्त घाईची. मळवली, कारला, भाजे, पाटण, देवले, सदापूर, या बाजूच्या मंडळींनो, तुमच्या घरातलं कुणी प्रेसमध्ये कामाला होतं का? आजोबा, पणजोबा, शेजारचे काका? दगड घासणारं, कागद वाळत घालणारं, यंत्र ओढणारं, गाडीवर पेट्या चढवणारं, कुणीही. आग लागली तेव्हा वीस वर्षांचा असलेला माणूस आज सत्तरीच्या पुढे आहे. चित्रकाराचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, या माणसांची नावं कुठेच लिहिलेली नाहीत. इनबॉक्समध्ये लिहा, मी स्वतः येऊन बोलेन. रविवारी मी मोकळा असतो, आणि मळवलीला उतरायचं राहूनच गेलंय.